होस्टा कोकणात होतो का? सावलीतल्या पानांच्या बागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांगराच्या मागची पट्टी, विहिरीची कड, पोफळींखालची ओल, पडवीच्या उत्तरेची बाजू. "इथे ऊन येत नाही, काही होत नाही" म्हणून सोडून दिलेली अशी जागा कोकणात जवळजवळ प्रत्येक घराला असते. परदेशातल्या बागांचे फोटो बघून बरेच जण या जागेसाठी होस्टाबद्दल विचारतात. त्या प्रश्नांची आणि त्यातून निघणाऱ्या पुढच्या प्रश्नांची ही उत्तरं.

होस्टा म्हणजे नेमकं कसलं झाड?

जपान, कोरिया, चीन आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा भाग हे याचं मूळ घर. शतावरीच्या कुळातलं हे बहुवर्षायू झाड जमिनीतल्या गड्ड्यातून दर वसंतात नवी पानं काढतं आणि थंडी पडली की जमिनीवरचं सगळं टाकून देऊन झोपी जातं. निकोलाउस थॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून १८१२ साली याला हे नाव मिळालं. जांभळट किंवा पांढरी फुलं येतात, पण लोक हा लावतात तो पानांसाठी. रुंद, ठसठशीत शिरांची पानं. कुठे पांढरी किनार, कुठे पोपटी पोट, कुठे निळसर झाक. हा निळेपणा पानावरच्या मेणाच्या पातळ थराचा असतो. बोट घासलं की तो पुसला जातो आणि खालचं हिरवं पान दिसतं. आपल्या अळूच्या पानावरून पाण्याचे मोती घरंगळतात तेही असल्याच मेणामुळे.

मग कोकणात होतो का?

नाही. रोप आणून लावलंत तर पहिली काही पानं येतील, कदाचित चांगलीही येतील. पण ते रोप इथे टिकणार नाही.

कारण सावलीचं नाही, पाण्याचंही नाही. कारण थंडीचं आहे. होस्टाच्या गड्ड्याला पुढच्या वर्षीचे कोंब तयार करायला खरी थंडी लागते. बागकाम करणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशोब असा की साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली ६०० ते ७०० तास तरी मिळाले पाहिजेत, म्हणजे सुमारे महिनाभराची अखंड थंडी. रत्नागिरीत ऐन जानेवारीतही रात्रीचं सरासरी तापमान १८-१९ अंशांच्या खाली जात नाही. दापोलीला थंडीच्या लाटेत पारा १० अंशांच्या आसपास येतो, तोही चार दिवस. झोप न मिळालेलं रोप दुसऱ्या वर्षी लहान पानं काढतं, तिसऱ्या वर्षी आणखी लहान, आणि मग संपतं.

त्यावर मे महिन्याच्या रात्री. पारा २५-२६ अंशांखाली फारसा उतरत नाही, त्यामुळे दिवसभर कमावलेलं अन्न रोप रात्री श्वसनातच खर्च करतं. त्यानंतर पाऊस. गरम ओल्या मातीत स्क्लेरोशियमची बुरशी देठाच्या बुडाशी लागते आणि पानं एका फटक्यात आडवी होतात. ही बुरशी परदेशातल्या होस्टालाही छळते, पण तिला हवं तसं हवामान आपल्याकडे आयतं मिळतं.

फ्रीजमध्ये गड्डे ठेवून थंडी देता येईल का?

तत्त्वतः येते. अमेरिकेच्या उष्ण भागातले काही हौशी लोक पानं सुकल्यावर गड्डे धुऊन, किंचित ओलसर शेवाळात गुंडाळून दीड-दोन महिने फ्रीजमध्ये ठेवतात. शेजारी सफरचंद किंवा केळी ठेवायची नाहीत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कोंब बिघडतात. पण फ्रीज थंडीचा प्रश्न सोडवतो, आपल्या मे महिन्याच्या रात्रींचा आणि जूनच्या कुजीचा नाही. ज्याला केवळ प्रयोग म्हणून करायचं आहे त्याने एका कुंडीत जरूर करावा. बाग त्यावर उभी करू नये.

ऑनलाइन होस्टाचं बी मिळतं. घ्यावं का?

घेऊ नका. गडद निळ्या, गुलाबी किंवा सप्तरंगी पानांची चित्रं दाखवून विकलं जाणारं बी खोटं असतं. असे होस्टा जगात नाहीत. खरं बी मिळालं तरी त्यातून आईबापासारखं रोप येत नाही, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं तर जवळजवळ नाहीच. नावाजलेल्या जाती गड्डे फोडून किंवा ऊतीसंवर्धनाने वाढवतात.

परदेशातल्या नातेवाइकांना सुटकेसमधून गड्डे आणायलाही सांगू नका. वनस्पती आयातीसंबंधीच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नियम कागदी नाही. होस्टाला लागणारा एक विषाणू पुष्कळदा पानांवर दिसत नाही आणि गड्ड्यांबरोबर सहज प्रवास करतो. आपल्या आगरात पोफळीला कोळेरोग आहे, मिरीला मर आहे. त्यात बाहेरून नवीन काही आणू नये.

महाबळेश्वरला किंवा आंबोलीला तरी होईल?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात, त्यामुळे हा प्रश्न येतो. पण एक-दोन पहाटांनी भागत नाही, आणि दुपारी तिथेही चांगलंच ऊबदार असतं. आंबोलीत तर तेवढीही थंडी नाही. देशात होस्टाला खरी थंडी मिळते ती हिमाचल, उत्तराखंडच्या उंचावरच्या भागात.

मग होस्टाच्या जागी काय लावायचं?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडतं, कारण इथे कोकणाची बाजू भक्कम आहे. होस्टा थंडीत झोपतो. आपल्याकडची कितीतरी झाडं तसंच करतात, फक्त ती थंडीत नाही तर कोरड्या दिवसांत झोपतात आणि पहिल्या पावसावर उठतात. होस्टा लावून जो आनंद मिळतो, म्हणजे उघड्या जमिनीतून गुंडाळलेलं पान वर येताना बघण्याचा, तो आपल्याला जूनमध्ये मिळतो.

पहिलं नाव भुईचाफ्याचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, जिथे उन्हामुळे होस्टा टिकत नाही, तिथले बागवाले याच्याच गोतावळ्यातल्या झाडांना "दक्षिणेचा होस्टा" म्हणतात. त्यांना जे मुद्दाम मिळवावं लागतं ते आपल्या परसात आजीने कधीच लावून ठेवलेलं असतं. वळवाच्या आधी, कोरड्या मातीतून, एकही पान नसताना, जांभळट-पांढरं फूल थेट जमिनीला टेकून उमलतं. वास मंद पण स्पष्ट. खाली वाकावं लागतं. फुलं संपली की पानं येतात. वरून हिरव्यावर रुपेरी-गडद नक्षी आणि पान उलटून पाहिलं तर पाठ जांभळी. ही पानं दिवाळीपर्यंत राहतात.

दुसरी हळद. हिला शोभेचं झाड म्हणून कुणी बघत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. लांब, उभ्या शिरांचं, फिकट हिरवं पान. पाऊस पडून गेल्यावर पोफळीच्या झावळ्यांतून उतरलेला उजेड त्यावर पडला की ती ओळ उजळून निघते. शेजारून जाताना पदर लागला तरी वास येतो. नागपंचमीला, गणपतीत पातोळ्यांसाठी पानं काढायची, बाकीची शोभेला ठेवायची. आंबेहळदही अशीच चालते.

रंग हवा असेल तर कॅलेडियम, म्हणजे शोभेचं रंगीत अळू. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, पण कोकणचा पाऊस त्याला मानवतो. अंधाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या पानांचं लावा. लाल जाती गर्द सावलीत मळकट दिसतात. कंद मेच्या अखेरीस दोन-तीन इंच खोल लावले तर गणपतीला पानं ऐन भरात असतात.

बारा महिने हिरवं राहणारं काही हवं असेल तर अॅमेझॉन लिली. रुंद, चकचकीत, ठळक शिरांचं पान. लांबून पाहणारा याला होस्टाच समजतो. वर पांढरी सुवासिक फुलं येतात. निचरा मात्र चांगला हवा. अॅग्लोनिमा कमी उजेडातही तग धरतो; त्यातल्या हिरव्या-रुपेरी जाती घ्या, लाल-गुलाबी जातींचा रंग सावलीत उतरतो. कॅलाथिया सुरेख, पण विहीर उन्हाळ्यात खारट होत असेल तर तिच्या पानांच्या कडा जळतात. तिच्यासाठी पावसाचं पाणी साठवून ठेवणार असाल तरच लावा.

उंचीसाठी सोनटक्का आणि पेव. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे सोनटक्का लावला की वेगळं शिंपणं करावं लागत नाही. आणि झाडांच्या खोडांना विसरू नका. आंब्याफणसावर आपोआप येणारं बाशिंग हे नेचं फार देखणं आहे. "बांडगूळ आहे" म्हणून ते खरवडून टाकतात, पण ते झाडातून काही शोषत नाही, नुसतं आधाराला बसलेलं असतं.

आम्ही मुंबईला असतो, घर बंद असतं. गणपती आणि मे महिन्यातच येतो. आमच्यासाठी काही?

तुमच्यासाठी झोपणारी झाडंच उत्तम, आणि हे मी मनापासून सांगतो. भुईचाफा, हळद, आंबेहळद, कॅलेडियम, सुरण. यांना जून ते ऑक्टोबर पाऊस पाणी देतो. नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडतात आणि मग मेपर्यंत त्यांना पाण्याची गरजच नसते. उलट त्या काळात कुणी प्रेमाने पाणी घातलं तर कंद कुजतात. म्हणजे तुम्ही नसता तेव्हा बागही नसते. गणपतीत याल तेव्हा ती पूर्ण पानावर असेल, आणि मे महिन्यात याल तेव्हा भुईचाफ्याची फुलं.

बंद घरासाठी कॅलाथिया, नेची, पीस लिली लावू नका. शेजाऱ्यांनी आठवड्यातून एकदा पाणी घालून ती जगत नाहीत.

आमच्या घराच्या उत्तरेला सावली असते. ती जागा चालेल ना?

चालेल, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. परदेशी पुस्तकांत "उत्तरेची बाजू म्हणजे कायम सावली" असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे वर्षभर खरं नाही. सूर्य रत्नागिरीत साधारण ८-९ मेच्या सुमाराला भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, अलिबागला आणखी पाच-सहा दिवसांनी. ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. जून-जुलैत ढग असल्याने ते जाणवत नाही, पण मेच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत उत्तरेच्या भिंतीलगतही ऊन उतरतं, तेही सकाळ-संध्याकाळ तिरपं. हिवाळ्यात निवडलेल्या "गर्द सावली"च्या जागेवर अॅग्लोनिमाची पानं मेमध्ये करपतात ती यामुळे. तेवढ्या दिवसांपुरतं झावळीचं झाप बांधलं की पुरे.

कोकणातली सर्वांत चांगली सावली पोफळीची. चाळणीतून गाळल्यासारखा उजेड, खाली कायमची ओल. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, मिरी घेऊन "लाखी बाग" ही कल्पना रुजवली, ती याच सावलीच्या भरवशावर. तुमच्याकडे अशी बाग असेल तर पानांची झाडं जायफळाच्याही खालच्या मजल्यावर येतात.

आंब्याखाली लावलं तर?

अवघड आहे. सावली दाट, वरच्या थरात मुळांचं जाळं आणि जमीन कोरडी. त्याहून मोठी अडचण फवारणीची. कलमांवर पालवीपासून मोहोर-फळापर्यंत कीटकनाशकं, बुरशीनाशकं मारली जातात आणि ती खालच्या पानांवर गळतात. शोभेची झाडं लावायची तर मुळं न तोडता, खोडापासून लांब, कुंड्यांत ठेवा. खायचं अळू, पातोळ्यांची हळद मात्र फवारणीच्या कलमांखाली कधीही लावू नका.

माती कशी करायची? आमच्याकडे नुसता जांभा आहे.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि या झाडांना ते चालतं. अडचण दोन टोकांची आहे: पावसात अतोनात पाणी, नंतर महिनोन्‌महिने काहीच नाही. म्हणून जागा आधी वर उचला. चिऱ्यांचा एक थर लावून वीतभर उंचीचा वाफा करा. त्यात लाल माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत साधारण समसमान.

नारळाची सोडणं फेकू किंवा जाळू नका. वाफ्याच्या तळाशी ती पोकळ बाजू वर करून रचली की वाटीसारखी पाणी धरून ठेवतात. पाऊस संपल्यावर तीच वरून आच्छादन म्हणून टाकायची तेव्हा उलटी, पोकळ बाजू खाली. खालची ओल उडत नाही आणि त्यांत पाणी साचून डासही होत नाहीत. पडवीच्या पागोळ्यांखाली मात्र वाफा करू नका. तिथे पाण्याच्या धारेने माती खणली जाते. तिथे खडी टाका आणि वाफा हातभर पुढे घ्या.

घर समुद्राला लागून आहे.

खाऱ्या वाऱ्यापुढे मोठ्या मऊ पानांचं काही चालत नाही. सुरू, उंडी किंवा केवड्याची आड हवी, नाहीतर उंच गडगा. घराच्या जमिनीकडच्या बाजूला जागा निवडा. वादळी वाऱ्यानंतर पाऊस पडला नाही तर पानं गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

गोगलगायी सगळी पानं खातात. काय करू?

होस्टाच्या देशातही हीच पहिली तक्रार असते. आपल्याकडे आफ्रिकन शंखी गोगलगाय मोठी असते आणि पहिल्या सरींबरोबर रात्री बाहेर पडते. सर्वांत परिणामकारक उपाय कष्टाचा आहे: जूनचे पहिले पंधरा-वीस दिवस रात्री विजेरी घेऊन वेचायच्या आणि साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. हातमोजे हवेतच, त्यांच्यातून माणसाला अपाय करणारे कृमी येऊ शकतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकलं तर त्या त्याखाली जमतात, सकाळी उचलायच्या. वाफ्यात मीठ टाकू नका, माती खराब होते. राख कोरडी आहे तोवर अडवते, पाऊस आला की संपली. विषारी गोळ्या कुत्र्यांच्या जिवावर बेततात, म्हणून घराजवळ त्या मी सुचवत नाही.

रानडुकरं आणि वानरांपुढे काही टिकतं का?

कंद असलेलं काहीही डुक्कर उकरतं, साळिंदरही. जंगलालगतच्या वाडीत कंद घराच्या भिंतीजवळ किंवा चिऱ्यांच्या उंच वाफ्यात लावा. वानर पानं खाण्यापेक्षा उपटून बघतात. खाजरी अळूवर्गीय झाडं ते एकदा चाखून सोडतात असा अनुभव बरेच जण सांगतात, पण त्याची खात्री धरू नये.

ही पानं विषारी आहेत का?

कॅलेडियम, अॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, पीस लिली, मनीप्लांट या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर तोंड, जीभ सुजते. अळू आपण शिजवून, चिंच किंवा आमसूल घालून खातो. तसं शोभेच्या अळूचं करायचं नाही. ते खायचं नाहीच. रांगती मुलं आणि मोकळी गुरं असलेल्या घरात डिफेनबेकिया लावू नये. अॅमेझॉन लिलीचा कंदही विषारी आहे. हळद आणि आंबेहळद निर्धास्त लावा.

रानातली रानहळद फार सुंदर दिसते. खणून आणली तर?

नको. पावसाळ्यात घाटउतारावर गुलाबी तुऱ्यांची रानहळद, कातळावरचे बेगोनिया आणि सड्यावरची फुलं बघून हात शिवशिवतात हे खरं, पण त्यांतल्या काही वनस्पती पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाहीत, आणि कातळावरची झाडं वाफ्यात जगतही नाहीत. रस्ता किंवा खाणीसाठी उद्या उकरली जाणार असलेली जागा असेल, जमीनमालकाची परवानगी असेल, तर गोष्ट वेगळी. नाहीतर फोटो काढा.

मनीप्लांट, सिंगोनियम जमिनीत सोडू का?

कुंडीत ठेवा. जमिनीत सोडलेला मनीप्लांट पोफळीवर चढतो, पानं हातभर होतात आणि सुपारी काढणाऱ्याला वर जाता येत नाही. छाटलेल्या फांद्या वहाळात किंवा पऱ्यात टाकू नका, खाली जिथे अडकतील तिथे रुजतात. पिवळ्या फुलांची वेडेलिया तर आणूच नका.

कंद दर वर्षी काढायचे का?

हळद काढावी लागते, कारण ती हवी असते. भुईचाफा दोन-तीन वर्षं जागेवर राहू द्या. दाटी होऊन पानं लहान यायला लागली की फोडा. कॅलेडियमचे कंद निचऱ्याच्या वाफ्यात जागीच राहतात, पण पाणथळ जागेत किंवा डुकरांचा त्रास असेल तर पानं सुकल्यावर काढून घ्या. माती झटकून, न धुता, दोन-तीन दिवस सावलीत सुकवायचे. मऊ पडलेले टाकून द्यायचे. कापून तुकडे केले असतील तर कापलेल्या बाजूला चुलीची राख लावायची, आणि प्रत्येक तुकड्यावर एक तरी डोळा आहे ना ते बघायचं. मग टोपलीत कोरड्या वाळूचा थर, कंदांचा थर, पुन्हा वाळू. टोपली माळ्यावर, उंदीर पोचणार नाहीत अशी टांगून ठेवा. डोळे फुगलेले दिसले की पहिल्या वळवाची वाट न बघता लावून टाका.